गड्डा उठायच्या आत काय ते ठरव

पत्र लिहिणारी 25 वर्षांची आहे, सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरात तेलुगू बोलतात. दोन वर्षांपूर्वी ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. वडील एका डाइंग हाऊसमध्ये टॉवेलचं सूत रंगवतात, आई विड्या वळते, भाऊ बारावीला आहे. शिक्षणासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जातले 60 हजार अजून फिटायचे आहेत. सध्या ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पैसे उशिरा येतात, सुट्टीत येतच नाहीत. पुढं काय करायचं याचे चार पर्याय तिच्यासमोर आहेत: बी.एड., सेट (सहायक प्राध्यापकाची राज्य पात्रता परीक्षा) देऊन पीएच.डी., पुण्याला जाऊन एमपीएससी, किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध कंपनीची प्रयोगशाळा. घरी स्थळंही येऊ लागली आहेत. कल ओळखण्याच्या तीन ऑनलाइन चाचण्या तिनं दिल्या, तर तिन्हींनी तीन वेगळी क्षेत्रं सुचवली. "मला कशाचीच खास आवड नाही. ज्यांना असते त्यांचा हेवा वाटतो," असं ती लिहिते. पावसाळ्यात वडिलांच्या कारखान्यात एकामागून एक लॉट फिके निघाले, तेव्हा तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्याची कठीणता तपासून दिली होती, हेही तिनं जाता जाता सांगितलं आहे. त्यावर वडील म्हणाले, "रंगाच्या पाण्यात हात घालायला तुला एवढं शिकवलं का?" त्यांनीच मुदत दिली आहे: गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, उठायच्या आत काय ते ठरव. तिचा प्रश्न असा की, मी नेमकी कशासाठी आहे हे ओळखायचं कसं?

तुला 'तू'च म्हणते, माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान आहेस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. चार पानांत 'आवड' हा शब्द तीनदा आलाय आणि 'वाया' सात वेळा. एम.एस्सी. वाया जाईल, दोन वर्षं वाया गेली, अजून एक वर्ष वाया गेलं तर... आणि एका ठिकाणी, "आईनं वळलेल्या विड्या वाया." त्या वाक्यापाशी मी थांबले. चहा करून आणला आणि मग पुढं वाचलं.

म्हणून तुझ्या प्रश्नाशीच आधी थोडं भांडते. "मी कशासाठी आहे?" हा प्रश्न आपल्या गावात तसा नवा आहे. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि मग कितीतरी वर्षं सोलापुरात या प्रश्नाचं उत्तर भोंगा देत असे. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचं. बाप मिलच्या खात्यात असेल तर पोरगा बदली कामगार म्हणून लागायचा, पुढं जमलं तर कायम. आजी विड्या वळायला शिकली, कारण गल्लीतल्या सगळ्याच वळत होत्या. तिला कुणी कल विचारला नव्हता. त्या दिवसांचं कौतुक करायचा माझा इरादा नाही. मिली एकेक करून बंद पडल्या तेव्हा ज्यांना दुसरं काहीच येत नव्हतं त्यांचे हाल मी पाहिलेत. पण एक बघ. तुझे वडील नमुन्याचा तुकडा उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी शेड जुळवतात, असं तू थोड्या अभिमानानंच लिहिलंयस. ते काय रंगारी व्हायचं ठरवून त्या कामात शिरले होते? कुणी ओळखीच्यानं लावलं म्हणून लागले असतील. गोडी मागून आली असणार, हात बसल्यावर.

आता लगेच "बघ, कुठलंही काम मन लावून केलं की गोडी लागते" असं मी म्हणेन असं वाटलं असेल तुला. तसं नाही. आईला विचार, विड्या वळण्याची गोडी लागली का. हजारावर मजुरी, मांडीवर सूप, वाकलेली मान, नाकातोंडात तंबाखू. ती हसेल तुला. गोडी लागायची तर कामात थोडं तरी काहीतरी लागतं: रोज थोडं नवं कळणं, आपलं म्हणणं कुणीतरी ऐकणं, महिन्याला पोट भरेल एवढे पैसे, आणि चाळिशीला पाठ शाबूत राहणं. वडिलांच्या कामात यातलं पहिलं होतं, आईच्या कामात यातलं जवळपास काहीच नव्हतं. एकाच घरातली दोन कामं आहेत ही. पर्याय तपासताना तुला हे पुरेल, कल-चाचण्यांपेक्षा जास्त पुरेल. त्या चाचण्यांनी तुला कधी न केलेल्या कामांबद्दल आवड विचारली. मग उत्तरं तीन आली यात नवल काय.

आपल्याकडं मोठी माणसं अशा वेळी डॉ. कोटणिसांचं उदाहरण देतात. तुलाही मिळालं असेलच, ध्येय हवं तर असं म्हणून. 1910 मध्ये इथं जन्मलेला मुलगा डॉक्टर झाला, 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, 1942 मध्ये तिथंच वारला. मोठा माणूस होता, वाद नाही. पण बाकीचे डॉक्टर परतले आणि हा राहिला, तो तिथल्या रोजच्या कामात गुंतल्यावर. सोलापुरातून निघताना सगळं आयुष्य दिसत होतं असं मानायला मला तरी काही आधार सापडत नाही. (माझं सांगायचं तर मी बँकेत लागले, कारण बँकेचं पत्र आधी आलं. शाळेचं आठ दिवसांनी आलं. उलटं झालं असतं तर आज तुला एखादी निवृत्त मुख्याध्यापिका सल्ला देत असती, आणि तो कदाचित जास्त कडक असता.)

आता त्या 'वाया'कडं येते, कारण खरी गाठ तिथं आहे. तुला नोकरी निवडायची आहेच, पण त्याआधी तुला आईवडिलांचं देणं फेडायचंय, आणि ते तू एका पदाच्या नावानं फेडायला बघतेयस. 'प्राध्यापक', 'अधिकारी', असं काहीतरी जे शेजारीण "सध्या काय करलालीस गं?" म्हणाली की आईला ताठ मानेनं सांगता येईल. पदानं देणं फेडायचं म्हटलं की कुठलंच पद पुरत नाही. मग प्रत्येक पर्याय हलका वाटतो आणि तू म्हणतेस, मला आवडच नाही.

म्हणून आज रात्री वहीत एक हिशेब कर. घराला माझ्याकडून खरोखर किती पैसे हवेत आणि किती दिवस? पतसंस्थेचे 60 हजार म्हणजे व्याज सोडून महिना 3 हजार, वीस महिने. भावाची पुढची फी, तो कुठं जाईल त्याप्रमाणे. आईचं काम कमी करायचं असेल तर तिची महिन्याची मजुरी किती, तेही लिही. आकडा येईल. तो लहान नसेल, पण तो आकडा असेल, आणि आकडा फिटतो. त्याच्या बाहेर जे उरतं त्याला मी देणं म्हणत नाही. आईनं विड्या तू कलेक्टर व्हावीस म्हणून वळल्या नाहीत. महिना भागावा आणि पोरगी शिकावी म्हणून वळल्या. पोरगी शिकली.

तो आकडा समोर ठेवून तुझे चार पर्याय बघू. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळे सारखे नाहीत.

एमपीएससीबद्दल तू एकच ओळ लिहिलीयस, "सगळे देतात म्हणून." खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत ती दारं उघडी असतात, तेव्हा आत्ताच गेलं पाहिजे असं काही नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. पुण्यात खोली, अभ्यासिका, मेस, क्लास यांचा खर्च धरला तर तुझा आकडा कमी होण्याऐवजी वाढेल. तहसीलदाराचा दिवस कसा जातो हे तुला माहीत आहे का? एखाद्या दिवशी तहसील कचेरीत दोन तास बाकावर बसून ये. परत आल्यावरही जावंसं वाटलं तर किती प्रयत्न आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे आधी लिहून मग जा. सदाशिव पेठेत सहाव्या वर्षाला बसलेल्या मुलांची पत्रं मला येतात. त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या वर्षी ही तारीख लिहिली नव्हती. तुला माझं मत हवं असेल तर, नको.

बी.एड.ला दोन वर्षं. त्यानंतर शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट. ती पहिल्यांदा 2017 मध्ये झाली, मग थेट 2023 मध्ये, मग 2025 मध्ये. या तारखांवर आयुष्य बेतता येतं का ते तूच बघ. बी.एड. वाईट नाही. पण तुझ्याच पत्रातलं वाक्य आहे: "प्रॅक्टिकलच्या बॅचला वेळ कसा जातो कळत नाही, थिअरीच्या तासाला मी घड्याळ बघते." शाळेत घड्याळ बघायचे तास फार असतात.

सेट देऊन टाक. नोकरी सांभाळून देता येते, अभ्यासक्रम तुझ्या एम.एस्सी.चाच आहे, एकदा पात्रता मिळाली की ती जन्माची. सहायक प्राध्यापक व्हायला वयाची वरची अट नाही, त्यामुळं हे दार पुढंही उघडं राहतं. पीएच.डी.चं मात्र वेगळं. "काहीच ठरत नाही म्हणून तोवर पीएच.डी." असं जे तू लिहिलंयस ते खोड. स्टाफरूममध्ये तुझ्या शेजारी चाळिशीतले, पीएच.डी. झालेले, अजून तासिका तत्त्वावर असलेले सर-मॅडम बसत असतील. त्यांना एकदा चहा पाज आणि विचार, पुन्हा पंचवीसचे झालात तर काय कराल. मला जे सांगता येणार नाही ते ते सांगतील.

राहिली चिंचोळी. याबद्दल तू इतकं कमी लिहिलंयस की मला शंका आली. "क्वालिटी कंट्रोलमध्ये दिवसभर तेच ते सॅम्पल." हे कुणी सांगितलं? तिथं काम करणाऱ्या कुणाशी बोललीस का? तेच ते असतं, हे खरं. नमुना लाव, एचपीएलसीचा (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख बघ, नोंद कर, सही कर. कागदावर नाही तर झालंच नाही, असा तिथला कायदा. कुणाला हे दोन महिन्यांत नकोसं होतं, कुणाला त्यातली शिस्त आवडते. तू या दोघींतली कुठली आहेस हे तिथं गेल्याशिवाय ना तुला कळेल ना मला. पण पगार दर महिन्याला, पीएफ, कंपनीची बस, आणि तुझा वहीतला आकडा पहिल्या महिन्यापासून उतरायला लागेल.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठंच नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटलं. आपल्या गावातलं प्रत्येक पोरगं सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याकडं बघतं. तू घरात तेलुगू बोलतेस. हैदराबाद इथून तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर आहे, औषधांच्या कच्च्या मालाचं देशातलं मोठं केंद्र आहे, आणि तुझी आत्या तिथं राहते हे तूच दिवाळीच्या संदर्भात लिहिलंयस. चिंचोळीतल्या दीड-दोन वर्षांच्या अनुभवाला तिथं किंमत येते. तुझ्याकडं भाषा आहे, घर आहे, विषय आहे. पुण्यातल्या खोलीचं भाडं मोजत बसलेल्या मुलीच्या डोक्यात हे येऊ नये? येत नाही, कारण आपण सगळे ज्या गाडीत चढतो तीच गाडी आपल्याला दिसते.

आता रंगाचं पाणी. पत्रातला सगळ्यात जिवंत परिच्छेद तोच आहे हे तुलाही माहीत असेल. बोअरचं पाणी आणलंस, एरिओक्रोम ब्लॅक टी हा सूचक टाकून ईडीटीएचं द्रावण सोडलं, लालसर रंग निळा व्हायला किती मिली लागलं ते दोनदा मोजलंस. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोड्याबरोबर खाली बसतं आणि शेड मारली जाते, हे वडिलांना समजावलंस. टँकर बदलल्यावर लॉट सुधारले. अशा ठिकाणी सल्ला देणारे खूश होतात. सापडली आवड! सोलापूरच्या टॉवेलला अशाच मुलीची गरज!

मी तसं म्हणणार नाही. एक पावसाळी आठवडा म्हणजे आवड नव्हे. कोडं सुटलं, वडिलांसमोर सुटलं, त्याचा आनंद मोठाच असतो. पण तो कोड्याचा होता, की वडिलांचा, की कामाचा, हे वेगळं करायला वेळ द्यावा लागेल. म्हणून सहा रविवार दे. दर रविवारी कारखान्यात जा आणि कंटाळवाणं काम मुद्दाम माग: रेसिपी लिहून ठेवणं, मीठ आणि सोडा खरंच किती पडतो ते तोलणं, पाण्याची नोंद, फिक्या लॉटची कारणं. संध्याकाळी वहीत दोन ओळी लिही. आज काय केलं, आणि मोबाईलकडं हात किती वेळा गेला. चौथ्या रविवारनंतरही हात कमी जात असेल तर एक पायरी पुढं. शेजारच्या कारखान्यातल्या मालकाला म्हण, महिन्यातून दोनदा पाणी तपासून देते, एवढे रुपये होतील. घरच्यांचं कौतुक फुकट असतं. परक्या मालकानं पाचशेची नोट काढली तर ती निराळी गोष्ट. त्यानं नाही म्हटलं तरी कळेल की इथं हौस आहे, धंदा नाही, आणि तेही सहा रविवारांच्या किमतीत कळलं.

नोट निघालीच तर मग शिक्षणाचा विचार कर. टेक्स्टाइल केमिस्ट्री ही इचलकरंजीच्या डीकेटीई या कॉलेजात स्वतंत्र शाखा आहे. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तंतू आणि वस्त्रप्रक्रियेचा वेगळा विभाग आहे. तुझ्या पदवीला तिथं कुठं जागा आहे, हे जाऊन किंवा फोन करून विचार. तोवर कुठंही फी भरू नकोस.

स्थळांबद्दल थोडं कडक बोलते. तुझ्या पत्रावरून असं दिसतं की करिअरचं ठरलं की लग्न आपोआप लांबेल अशी आशा आहे. म्हणून तुला असं उत्तर हवंय जे इतकं भक्कम असेल की कुणी प्रश्नच विचारणार नाही. तसं उत्तर नसतं. दोन गोष्टी दोन वेळा बोल. लग्न आत्ता नको असेल तर तेवढंच सांग, तारखेसकट: अमुक महिन्यापर्यंत स्थळं बघायची नाहीत. आई रागावेल, दोन दिवस भाकरी जोरात थापेल. त्यासाठी तुला अधिकारी व्हायची गरज नाही.

वडिलांचं ते वाक्य मात्र मला टोचणारं वाटलं नाही, वाटलं त्याहून वेगळंच. "रंगाच्या पाण्यात हात घालायला तुला एवढं शिकवलं का?" तुला त्यात तिरस्कार ऐकू आला. मला भीती ऐकू आली. त्यांनी त्या पाण्यात किती वर्षं हात घातलेत आणि त्या हातांचं काय झालंय, हे तू विचारलं आहेस का? हातमोजे असतात का, वाफेत खोकला येतो का, मालक कसा वागतो? त्यांना तुझी नोकरी नको आहे की त्यांची नोकरी तुझ्या वाट्याला नको आहे, यात फार अंतर आहे. प्रयोगशाळेतून रंगाकडं बघणारी केमिस्ट आणि हौदावर उभा राहणारा रंगारी यांतला फरक त्यांना तूच दाखवू शकतेस, कारण त्यांनी बहुधा अशी केमिस्ट कधी पाहिलीच नसेल.

तुझ्यासारखीच पत्रं बार्शीहून येतात, अक्कलकोटहून येतात. कुणी इंजिनिअर असतो, कुणी बी.कॉम. त्यांनीही घराच्या देण्याचा आकडा काढावा, प्रत्येक पर्यायातल्या एका साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता माणूस काय करत असतो ते जाऊन बघावं, आणि जो पर्याय सहा रविवारांत तपासता येतो तो दोन वर्षांची फी भरून तपासू नये. बाकीचं प्रत्येकाचं वेगळं.

मग गड्ड्यापर्यंत काय सांगायचं? "मी काय होणार" हे वडिलांना सांगू नकोस, ते तुला माहीत नाही. पुढच्या वर्षाचं सांग. चिंचोळीत तीन ठिकाणी अर्ज केलेत, पहिलं बोलावणं येईल तिथं जाणार, पतसंस्थेचा हप्ता पहिल्या पगारापासून माझा, सेटचा फॉर्म निघाला की भरणार, रविवार तुमच्याबरोबर कारखान्यात, आणि पुढच्या गड्ड्याला पुन्हा बसून बोलू. हे घरात बोलू नकोस, तिथं आई आणि भाऊ मधे पडतील. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची गर्दी ओसरली की एका संध्याकाळी वडिलांना गड्डा भरतो त्या होम मैदानावर घेऊन जा, भावाला पाळण्यात बसव आणि खाली उभं राहून बोल. पाळणा थांबेपर्यंत बोलून होईल एवढंच आहे ते.

आणि पहिल्या रविवारी पाण्याचे नमुने दोन घे, बोअरचा वेगळा आणि टँकरचा वेगळा. बाटल्यांवर तारीख घाल. पावसाळ्यातल्या त्या बाटल्यांवर तू घातली नव्हतीस, असं तूच लिहिलंयस.